वरच्या मजल्याचा बोर्ड

बेल्मिरोकाका रेझेंडिश यांनी आमच्या टेकडीवरच्या निदान चारशे घरांतले जुने फ्यूजबोर्ड उपटून नवे बसवले असतील. आणि त्यांच्या स्वतःच्या तळघरात? साठ अँपियरची, काचेच्या फ्यूजांची, आजोबांच्या काळातली पेटी! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मी तोंडावर कितीदा बोलले असेन. माझ्या जिभेला हाड नाही हे अख्ख्या गावाला माहीत आहे, आणि वायरिंग इन्स्पेक्टरच्या जिभेला ते नसलेलंच बरं.

मी लुसिलिया फुर्तादो. एकोणीस वर्षं हीच नोकरी करतेय. माझे वडील आणि बेल्मिरोकाका एकाच वर्षी पोर्तुगालच्या अझोरिश बेटांवरून इकडे मॅसॅच्युसेट्सला आले, एकाच गिरणीत लागले. गिरणी बंद पडली तेव्हा वडील घरी बसले आणि काका वायरमन झाले. त्यामुळे मी कितीही मोठी साहेबीण झाले तरी त्यांच्या लेखी 'पोरी'च. मला अठ्ठावन्न पूर्ण झाली होती आणि त्यांना एकाहत्तर.

देओलिंदाकाकू जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. एकुलती एक लेक नातेर्सिया दूर अ‍ॅरिझोनात, नवऱ्यापासून वेगळी होऊन पाच वर्षांच्या मुलीला घेऊन राहायची. त्या फेब्रुवारीत तिनं फोनवर सांगितलं, "पपा, ऑगस्टमध्ये आम्ही परत येतो. वरचा मजला आम्हाला द्या. पण ती पेटी आहे तोवर माझं लेकरू मी त्या घरात झोपवणार नाही."

तिचं काय चुकलं? तिच्या लहानपणी इस्त्री आणि कॉफीचं भांडं एकदम लावलं की फ्यूज उडायचा. एकदा काकूंनी वैतागून फ्यूजच्या मागे तांब्याचं नाणं सारलं. मग फ्यूज कशाला उडतोय! भिंतीतली तारच धुमसली. ती भिंत नातेर्सियाच्या पलंगामागची होती. पोरीचे केस जळता जळता वाचले, आणि तेव्हापासून तिनं त्या घरात कधी धड झोप घेतली नाही.

हे सगळं काकांनीच मला सांगितलं, मार्चमध्ये परमिटचा अर्ज द्यायला ऑफिसात आले तेव्हा. चर्चला जायचा कोट घालून आले होते. खाली दोनशे अँपियरचा नवा मेन बोर्ड आणि वरच्या मजल्याला त्याच्यावरून निघालेला वेगळा छोटा बोर्ड, असा अर्ज.

"ऑगस्टच्या आत व्हायला हवं, पोरी."

"काका, तुम्ही अशी कामं दोन दिवसांत उडवता. आत्ता कुठे मार्च लागलाय."

"हे एकट्यानं करायचंय. या घरात दुसऱ्याचा हात नको."

केलं त्यांनी एकट्यानं. वरून खाली तार सोडायची म्हणजे दोन माणसांचं काम असतं. एकानं वरून ढकलायची, दुसऱ्यानं खालून 'आली, आली' म्हणायचं. काका वरून ढकलायचे, दोन जिने उतरून तळघरात जाऊन बघायचे. आली नसली की पुन्हा वर. शेजारीण मला म्हणाली, "म्हातारा दिवसभर जिने चढतो-उतरतो आणि स्वतःशीच ओरडतो, आली का? नाही आली!" ती हसत होती. मीही हसले, आणि घरी जाईपर्यंत ते हसू काही टिकलं नाही.

मेन बोर्ड झाला तेव्हा मी पहिल्यांदा तपासायला गेले. मग भिंती उघड्या होत्या तेव्हा गेले. काम बघून बोटं तोंडात घालावीत. तारा अशा ओळीत, की काकूंनी टाके घातलेत म्हणावं. प्रत्येक वेळी टेबलावर गोड पाव आणि कॉफी मांडलेली, आणि प्रत्येक वेळी मी नाही म्हणणार. तपासायला गेलेल्या घरचं पाणीसुद्धा आम्हाला चालत नाही. काका ताटावर फडकं टाकायचे आणि मला वरच्या खोल्या दाखवायचे. इथे नातेर्सियाचं टेबल. इथे छोट्या माइयाचा पलंग, म्हणून स्विच बघ कसा खाली घेतलाय, तिचा हात पोचायला हवा. रात्री तिला भीती वाटली तर कोणाला हाक मारायला नको.

जूनच्या अखेरीस तिसऱ्यांदा गेले. वरच्या बोर्डाच्या दाराला आतून कार्ड असतं, कुठलं बटण कुठल्या खोलीचं ते सांगणारं. त्यावर काकांनी सुरेख अक्षरात लिहिलं होतं : माइयाची खोली. नातेर्सियाची खोली. नातेर्सियाचं स्वयंपाकघर.

"काका, हे काय?"

"का, वाचता येईना झालं?"

"राहणाऱ्या माणसाच्या नावानं लिहायचं नाही. नियम आहे. माणसं बदलतात."

"माझ्या घरात कोण बदलतंय?"

"उद्या आग लागली, बंबवाला आला, त्याला काय माहीत माइया कुठे झोपते? दुसरा मजला, मागची खोली, असं लिहा."

"बंबवाल्याला म्हणावं, रडण्याचा आवाज येईल ती माइयाची खोली."

"नापास."

"अगं, एवढ्याशा कार्डासाठी? तुझा बाप असता तर—"

"तर त्यालाही नापास केलं असतं."

"तो म्हणायचाच," काका हसायला लागले, "ही पोर स्वर्गात गेली तरी आधी दाराचं अर्थिंग तपासेल, मग आत पाऊल टाकेल." मी लाल चिठ्ठी लिहून दिली. ती त्यांनी घडी घालून खिशात ठेवली. चिठ्ठीचं फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही. मी आपली माझ्या नियमाच्या तोऱ्यात खाली उतरले.

जुलैच्या मध्याला चौथ्यांदा गेले. वर पडदे लागले होते. छोटा पलंग आला होता, त्यावर चादरही घातलेली. कार्ड नव्यानं लिहिलेलं : दुसरा मजला, मागची खोली. दुसरा मजला, पुढची खोली. बिनचूक. "आता कसं!" मी म्हटलं. काकांनी बोर्डाचं झाकण काढलं आणि बाजूला उभे राहिले.

आत हिरवा स्क्रू पिळून घट्ट बसवलेला होता.

हा स्क्रू न्यूट्रल आणि अर्थ यांना एकत्र जोडतो. खालच्या मेन बोर्डात तो हवाच. वरच्या बोर्डात तो ठेवला, तर परतीची वीज अर्थच्या तारेत शिरते, आणि एखादा जोड सुटला की फ्रीजच्या नाहीतर वॉशिंग मशीनच्या पत्र्यापर्यंत पोचते. तिथे लेकरानं ओला हात लावला की संपलं. शिकाऊ पोरालाही हे पहिल्या महिन्यात कळतं. आणि इथे चारशे घरं केलेला माणूस!

माझा तिळपापड झाला. "काका! डोळे गेले का तुमचे? स्विच एवढा खाली घेतलात नातीसाठी, आणि हा असा ठेवलात? ती पोर ओल्या हातानं—"

"ती येत नाहीये."

मी त्या छोट्या पलंगाकडे पाहिलं.

"नातेर्सियाचा फोन आला होता गेल्या रविवारी," काका म्हणाले. "तिची नोकरी तिकडेच पक्की झाली. माइयालाही तिकडची शाळा आवडते. म्हणाली, पपा, तुम्हीच या ना इकडे. मी म्हटलं, बघू." त्यांनी पडद्याची सुरकुती सारखी केली. "एकाहत्तराव्या वर्षी त्या वाळवंटात जाऊन मी काय करू? आणि तिनंही मनापासून म्हटलं नव्हतं गं. कळतं ते."

"मग हा स्क्रू?"

"तू नापास केलंस की आठ-दहा दिवसांनी परत येतेस." ते माझ्याकडे बघत नव्हते. "देओलिंदा गेल्यापासून हा जिना तू सोडून कोणी चढलेलं नाही. राहू दे ना एखादी चूक."

इथे मी बसायला हवं होतं. त्या छोट्या पलंगावर टेकले असते तरी चाललं असतं. पण माझा एक जुना रोग आहे, डोळे भरून आले की मी ओरडते. आणि मी ओरडले. वेड लागलंय का, ही काय थट्टा आहे, वायरमन म्हणवता स्वतःला, शहराचा वेळ काय फुकट आहे? काढा तो स्क्रू आधी! त्यांनी मुकाट्यानं काढला. चार फेऱ्यांत निघाला. मी तपासलं, सही केली, पास झाल्याचा हिरवा कागद बोर्डावर चिकटवला आणि म्हटलं, "झालं. आता माझं इथे काही काम राहिलं नाही."

हेच शब्द. आजही आठवले की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

नियम बरोबर निघाला होता. माणसं बदलतात, नावं लिहू नयेत. एकोणीस वर्षं मी त्या नियमांच्या पुस्तकाची बाजू घेऊन भांडले, आणि पहिल्यांदाच मला त्याचा संताप आला. एकदा तरी खोटं निघायचं होतं की!

मग मी अर्जांची वाट बघू लागले. रोज सकाळी ट्रे उपसायची. काका काहीतरी काढतील, दारावरची घंटा, माळ्यावरचा दिवा. बाकीचे वायरमन आमची सावली टाळतात, पण काका देतील अर्ज. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. नाही आला. शहराचा वेळ फुकट नाही असं मी म्हटलं होतं, आणि तो माणूस पडला शब्द झेलणारा. खरं सांगायचं तर माझ्याकडे तरी कोण येतं? लोकांच्या घरांत मी हजारो वेळा शिरले असेन. बोलावणं आलंय म्हणून गेले, असं एकदाही झालं नाही. कोणाच्या दारात कामाशिवाय कसं उभं राहायचं, हे मला माहीतच नव्हतं.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी, भर दुपारी, मी गेले. फाइल नाही, टेस्टर नाही, हात मोकळे. हातांचं काय करावं तेच कळेना, म्हणून कोटाच्या खिशात घातले. काकांनी दार उघडलं आणि आधी त्या खिशांकडेच पाहिलं.

"काय राहिलं?"

"काही नाही."

"मग कोणी तक्रार केली?"

"नाही हो काका. नुसती आलेय."

"नुसती?"

"हो."

ते दाराची कडी धरून उभे राहिले. मीही पायरीवर उभी. दोघांनाही पुढे काय करतात ते ठाऊक नव्हतं. शेवटी ते "बरं" म्हणाले, तळघराचा दिवा लावला आणि जिना उतरू लागले. मी मागोमाग उतरले. मेन बोर्डापाशी जाऊन त्यांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि झाकण काढायला घेतलं. तपासण्यासारखं तिथे काहीच नव्हतं, ते त्यांनाही माहीत होतं. एकेक स्क्रू काढून ते माझ्या तळहातावर ठेवत गेले, अगदी सावकाश, आणि मी त्यांना घाई करू नका असं म्हटलं.