डेलची सात सेकंदं

डेल नोवॉटनीने आपल्या रेडिओ कार्यक्रमातून एकतीस वर्षं लोरेन गावाला एकच गोष्ट शिकवली : "आधी घरातला रेडिओ बंद करा, मग बोला." आमच्या केंद्रावरचं बोलणं सात सेकंद उशिरा हवेत जातं. कोणी शिवी हासडलीच, तर लाल बटण दाबून ती गिळायला तेवढी सवड लागते. फोन करणाऱ्याने रेडिओ चालू ठेवला, की त्याला स्वतःचंच बोलणं मागून ऐकू येतं आणि भलेभले गडबडतात. गाव आमच्या फुटबॉल संघाकडून हरायला शिकलं, पण डेलकडून एवढंसं शिकलं नाही.

ऑरव्हिल तर मुळीच नाही. बंद पडलेल्या पोलाद कारखान्यातला हा क्रेनवाला. रोज चार वाजून दहा मिनिटांनी त्याचा फोन यायचा. फोन घ्यायचं काम माझं.

"ऑरव्हिल, रेडिओ!"

"बंदच आहे गं, रोझॅन."

फोनमध्ये त्याच्या मागे रेडिओवर डेल खणखणीत बोलत असायचा.

मग हवेत दोघांची जुंपायची. "डेल, त्या प्रशिक्षकाला हाकला!"

"अरे, गेल्याच आठवड्यात नवा आणलाय."

"मग यालाही हाकला. सवय मोडायला नको."

त्या वसंतात केंद्राच्या नव्या मालकांनी बजावलं, या खेपेला श्रोत्यांचे आकडे वाढले नाहीत, तर डेलचा कार्यक्रम बंद. त्याच्या जागी कुठल्याशा लांबच्या शहरातली बडबड. मोजणीवाले गावातल्या मोजक्या घरी डायऱ्या पाठवतात आणि घरच्यांनी आठवडाभर काय ऐकलं ते लिहून टपालाने परत धाडायचं असतं. नियम कडक होता. त्या डायरीचा आमच्या हवेत नुसता उच्चार झाला, तरी आमचे सगळे आकडे बाद.

आणि त्याच आठवड्यात, चार वाजून दहा मिनिटांनी :

"डेल, आज प्रशिक्षकाला माफी. मला डायरी आलीय! पानन् पान तुझ्या नावाने भरलंय. मी घोरत असतो तेव्हाचंसुद्धा!"

डेलचं बोट लाल बटणावर गेलं. मी काचेपलीकडून ओरडले, "दाब! डेल, दाब!"

पण ऑरव्हिल कधी नव्हे तो गप्प झाला होता. नेहमीप्रमाणे त्याचा रेडिओ चालूच होता, आणि आपली बातमी त्यातून कधी येते याची तो श्वास रोखून वाट पाहत होता. बटण दाबलं असतं, तर तिथे साबणाची जाहिरात लागली असती.

डेलने माझ्याकडे पाहिलं आणि हात मांडीवर ठेवला.

फोनमधून, ऑरव्हिलच्या स्वयंपाकघरातून आवाज आला, "मला डायरी आलीय!" मागोमाग त्याचं हसू, बोहल्यावरच्या नवऱ्यासारखं. "ऐकलंस ना? वाचलो आपण!"

"ऐकलं रे बाबा," डेल म्हणाला. "आता तरी रेडिओ बंद कर."

जूनमध्ये कार्यक्रम बंद झाला. डेलच्या खुर्चीत आता संगणक बसतो. केंद्र डेलला परत बोलावणार नाही, आणि त्रेसष्टाव्या वर्षी दुसरंही कोणी बोलावणार नाही. कशामुळे बंद झाला, हे ऑरव्हिलला आम्ही कोणीच सांगितलं नाही. तो चार वाजून दहा मिनिटांनी डेलला घरी फोन करतो. एकदा मी तिथेच होते.

"चोर आहेत लेकाचे," ऑरव्हिल म्हणत होता. "माझी डायरी टपालातच गायब केली असणार."

"चोरच," डेल म्हणाला.

फोनमधून ऑरव्हिलच्या मागचा कसलाच आवाज येत नव्हता. रेडिओ बंद होता.