वडिलांचा पळस

मी किनवटच्या एका ज्युनिअर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. मराठी शाळेतून आलेल्या पोरींना इंग्रजी पुस्तक जड जातं, म्हणून मी मराठीत ब्लॉग लिहायला लागले. धडा पुस्तकातला, झाडं मात्र आमच्या इस्लापूरकडची. नव्या लेखाची लिंक मी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची.

एकदा स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्याने सगळ्यांसमोर विचारलं, मॅडम, लातूरच्या क्लासच्या नोट्स स्वतःच्या नावावर कशाला टाकता? त्यांनी मोबाइल पुढे केला. पळसाच्या संयुक्त पानाबद्दलचा माझा लेख होता तो, जवळजवळ शब्दन् शब्द. साइट मात्र लातूरच्या एका कोचिंग क्लासची होती. मी तिथंच शोधून पाहिलं. दर वेळी त्यांचंच पान वर आलं. माझा ब्लॉग शोधात कुठंच नव्हता.

त्या लेखात माझे वडील होते. पत्रावळी लावता लावता त्यांनी मला पळसाची फांदी दाखवली होती. "कळी कुठं हाय ते बघ. तिथून पान सुरू व्हतंय. ही तीन न्हाईत, एकच पान हाय." वडील आता नाहीत. क्लासवाल्यांनी 'माझे वडील' खोडून 'आमचे सर' केलं होतं.

ज्याने ब्लॉग बांधून दिला त्याला फोन लावला. त्याने सेटिंग उघडायला सांगितलं. 'सर्च इंजिनांना ही साइट दाखवू नका' या ओळीपुढे खूण होती. काम अर्धवट असताना लोकांना दिसू नये म्हणून त्यानेच ती केली होती, पुढं काढायची राहिली. म्हणाला, तुम्ही कधी विचारलंच नाही. असली खूण असते हेच ज्या बाईला माहीत नाही, तिने काय विचारायचं होतं? मी फोन कट केला, खूण काढली आणि ब्लॉगवरच्या पानांची यादी, म्हणजे साइटमॅप, गूगलला कसा पाठवायचा ते स्वतः शिकून घेतलं.

सुट्टीच्या दिवशी एसटीने लातूर गाठलं. क्लासचे संचालक अदबीने वागले, चहा मागवला. ज्ञान सगळ्यांचं असतं, असं बरंच बोलले. मग म्हणाले, "गूगलवर आमचंच दिसतं, मॅडम. तुमचं कुठं हाय?"

बाहेर प्रवेशासाठी पालक बसले होते. मी दार उघडं ठेवून त्यांच्याच साइटवरचा लेख मोठ्याने वाचला. 'आमच्या इस्लापूरच्या बांधावरचा पळस' हे वाक्य त्यांनी तसंच ठेवलं होतं. "इस्लापूरला तुमचा बांध कुठल्या अंगाला हाय, सांगा," मी विचारलं. बाहेरचे दोन पालक उठून दारात आले. लेख काढतो, असं संचालक पुटपुटले. चहा तसाच ठेवून मी निघाले.

लेख काढला नाही, फक्त इस्लापूर खोडलं. काही आठवड्यांनी माझा ब्लॉग शोधात दिसू लागला, तोही त्यांच्या खाली. सहकारी म्हणाले, आता दिसतंय ना, सोडून द्या. मी का सोडू? माझ्या बापाला त्यांनी त्यांचा सर केलाय. त्यांनी माझे आणखीही लेख उचललेत, त्या प्रत्येक पानाविरुद्ध मी गूगलकडे तक्रार टाकते आहे. एक पान उतरलंय. पळसाचं अजून तिथंच आहे.