जिजींच्या गळ्यावरची जांभळी रेघ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीलाही नाही. मग आत्ताच का? परवा लेकीच्या पोटातली गाठ गेली, चाकू न लावता — आणि माझ्या आत इतकी वर्षं अडकून बसलेलं काहीतरी तिच्याबरोबर सुटलं.

गर्भाशयाची गाठ होती, साधी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आवाजाच्या लाटा एका ठिकाणी गोळा करायच्या — कानाला ऐकू न येणारा आवाज — आणि गाठ आतल्या आत तापवून मारायची. मी विचारलं, "पण बाई, पोटावर रेघा कोण काढणार?" त्या हसल्या. रेघा लागत नाहीत, म्हणाल्या, मशीनला आतलं दिसतं. मी बाहेर बाकावर येऊन रडले. जावयाला वाटलं, लेकीच्या काळजीनं रडतेय. तेही होतंच. पण —

रेघांचं सांगते.

मी करमाळ्याकडची. बहात्तरच्या दुष्काळात पाचवीतून शाळा सुटली, खडी फोडायला गेले, आणि पुढं मामानं मला वाशीमला एका जैन दुकानदाराच्या घरी कामाला ठेवलं. किती लांब! बोलणंसुद्धा वेगळं. पण पोटभर जेवण होतं, आणि मालकीणबाई होत्या. सगळे त्यांना जिजी म्हणत. माझ्या डोक्याला तेल त्या स्वतःच्या हातानं लावत. मला मात्र सदा धाकधूक — काही चुकलं तर परत पाठवतील. परत म्हणजे कुठं? खडीवर.

जिजींच्या गळ्याला गाठ निघाली, वाईट जातीची. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात कोबाल्टच्या मशीनखाली रोज किरणांचा शेक घ्यायचा होता. सोबत मी. शेक नेमका कुठं द्यायचा ते कळावं म्हणून डॉक्टरांनी गळ्यावर जांभळ्या औषधानं चौकोन आखला आणि बजावलं — इथं पाणी लागता कामा नये, पुसला गेला तर लगेच सांगायचं. कुणाला बजावलं? मला. जिजींना आपला गळा कुठं दिसत होता?

मधे मशीन बिघडलं, म्हणून आम्ही काही दिवस वाशीमला आलो. जैनांचं दशलक्षण पर्व चालू होतं, रोज देवळात जायचे दिवस. जिजी म्हणाल्या, "डोक्यावरून न्हाल्याबिगर देवळात कशी जाऊ वं? घाल थोडंसं पानी."

नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. आणि पाणी घातल्यावर हात जुन्या सवयीनं चालला — केसांना शिकेकाई, मानेला डाळीचं पीठ. जांभळं पाणी मोरीकडं निघालं तेव्हा भान आलं.

"काहून वं थांबली? खुना गेल्या काय?"

आणि मी म्हणाले, "नाही जिजी. फिकट झाल्यात. गडद करायचं डॉक्टरांनीच सांगितलंय मला."

सांगितलं नव्हतं.

तोंड आलं की लावायच्या जांभळ्या औषधाची बाटली घरात होती. काडीला कापूस गुंडाळला. जिजी पाटावर बसल्या — हनुवटी वर, डोळे मिटलेले, ओठांत णमोकार मंत्र. मी आठवून आठवून चौकोन काढला. तीळ कुठं होता, रेघ त्याच्या किती खाली... माझा रांगोळीचा हात चांगला होता ना! रेघ सरळ आली. "तुहा हात लय हलका हाय," त्या म्हणाल्या.

नागपूरला त्या टेबलावर आडव्या झाल्या, मान वळवली — आणि चौकोन वर सरकला. जबड्याकडं. डॉक्टरांनी तो त्यांना निजवून आखला होता, मी बसवून. अंगावरची कातडी अशी सरकते हे मला ठाऊक नव्हतं, खरं आहे. पण तिथं तर मला डोळ्यांनी दिसलं! मशीन लावणारे एक चष्मेवाले काका होते, जिजींना रोज "माय, हालू नको" म्हणणारे. फिकी पडलेली रेघ गडद करणं त्यांचं काम. त्यांनी माझ्या रेघेवरून ब्रश फिरवला. मी तोंड उघडायचं होतं फक्त. मी बाहेर गेले. दार बंद झालं. दुसऱ्या दिवशीही गेले. त्यानंतरही.

पुढं जबड्याखालची कातडी भाजून काळी पडली, तेव्हा डॉक्टरांच्या ध्यानात आलं. त्यांनी चौकोन नव्यानं आखला आणि काकांना सगळ्यांदेखत झापलं — "गडद करता करता रेघ कुठल्या कुठं नेलीत! डोळे आहेत का नाहीत?"

"साहेब, मी रेघेवरूनच रेघ ओढली जी."

काकांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, जिजींच्या गळ्याकडं पाहिलं, परत पुसला. मी जिजींची पिशवी छातीशी धरून उभी होते.

गाठ विरघळली. जिजी त्यानंतर पुष्कळ जगल्या, माझं लग्नसुद्धा त्यांनीच लावून दिलं. आल्यागेल्याला तो काळा डाग दाखवायच्या — "त्या चष्मेवाल्यानं जाळलं मले! पन या पोरीनं वाचवलं, लेकीवानी केलं माहं." बायका माझ्याकडं कौतुकानं बघायच्या. आणि मी? मी मान खाली घालून तांदूळ निवडत बसायची. एकदा तरी म्हणायचं होतं — जिजी, त्यांनी नाही. जिजी गेल्या, तरी म्हटलं नाही.

लेक आता घरी आलीय. पोटावरून हात फिरवून दाखवते — बघ आई, कुठं काही नाही. खरंच नाही. रेघ नाही, डाग नाही. काल किती तरी दिवसांनी मी गाढ झोपले.

त्या काकांचं नाव मी कधी विचारलं नाही. त्यांनी रेघेवरूनच रेघ ओढली होती. खालची रेघ माझी होती.