कंटिन्यूइटीचा चुडा

तुकाबाईचा नवरा दोनदा मेला. पहिल्यांदा अकरा वर्षांपूर्वी, खरोखरचा. दुसऱ्यांदा शुटिंगच्या पहिल्याच दिवशी. गंमत अशी की दुसऱ्या खेपेला तो आधी मेला आणि मग आठ दिवस तिच्याबरोबर नांदला.

त्याला निमित्त झालं शेखररावांच्या रजेचं. सिनेमात नवऱ्याचं काम करणारे शेखरराव बावधनचे. दिवसा बँकेत नोकरी, संध्याकाळी नाटकाच्या तालमी. त्यांची रजा सोमवारपासून होती आणि गावातल्या हैबतरावांच्या घराचं अंगण शुटिंगला मिळालं रविवारी. नवरा गेल्याची बातमी येते त्या प्रसंगात नवऱ्याची तशी गरज नसते. त्याचं मुंडासं आणि काठी आणून ठेवली की भागतं. म्हणून तो प्रसंग आधी उरकला.

सिनेमा गौतमीचा. लवळ्याच्या एका कॉलेजात ती सिनेमाचं शिक्षण घेत होती. मुळशी धरणाच्या कडेनं ती आली होती खरं तर शेळ्या शोधत. शेळ्या मिळाल्या, आणि त्यांच्यामागून चालणारी बाईही सिनेमातल्या बायकोच्या कामासाठी तिच्या डोळ्यांत भरली. बावन्न वर्षांची, काटक, रापलेली, कमी बोलणारी. कमी बोलण्यात तुकाबाईचं कर्तृत्व काही नव्हतं. बोलायला माणूसच नव्हतं. एकुलती लेक अपेक्षा लग्न होऊन हिंजवडीकडे गेलेली. वस्तीवर थोरली जाऊ धोंडाबाई होती, पण तिचं बोलणं म्हणजे निम्म्या सूचना आणि निम्मा दम.

तर त्या रविवारी अंगणात बांगड्या फोडायच्या होत्या. तिचा खरा नवरा धुळाजी गेला तेव्हा याच धोंडाबाईनं उंबऱ्यावर तुकाबाईचे हात ठेवून बांगड्या फोडल्या होत्या, आणि तुकाबाईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. दगडाच्या काळजाची, असं वस्ती म्हणाली होती. कॅमेऱ्यापुढं मात्र पहिली बांगडी फुटली आणि तिनं जो हंबरडा फोडला, तो गौतमीनं ‘कट’ म्हटल्यावरही थांबेना. अकरा वर्षं तुंबलेलं रडू, एका शब्दावर कसं थांबणार? सगळे टाळ्या वाजवू लागले तेव्हा तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पौडचा कासार आला. तुकाबाईच्या दोन्ही हातांत डझन डझन हिरव्या बांगड्या, गळ्यात मंगळसूत्र, कपाळाला कुंकू. वही घेऊन फिरणारी सुनीती नावाची मुलगी तिला म्हणाली, “मावशी, मंगळसूत्र रोज माझ्याकडे द्यायचं. पण बांगड्या शुटिंग संपेपर्यंत काढायच्या नाहीत. कंटिन्यूइटी.”

“म्हंजी काय गं?”

“म्हणजे आजच्या शॉटमध्ये जे आहे, ते उद्याही तसंच दिसलं पाहिजे. मध्ये काही बदललंच नाही, असं.”

मध्ये काही बदललंच नाही. तुकाबाईला ते फार आवडलं.

विधवेनं बांगड्या घालायला हरकत नाही, असा ठराव ग्रामसभेनं केलेला होता. पण ठराव कपाटात आणि धोंडाबाई दारात. “ह्ये काय गं तुके?” तिनं विचारलंच. “शुटिंगचं हाय, आक्का,” तुकाबाई म्हणाली. शुटिंगचं म्हटल्यावर धोंडाबाईचंही काही चालेना.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत शेखररावांनी तिला अभिनय शिकवला. “ताई, एकच सांगतो. कॅमेऱ्यासमोर जीव ओतायचा आणि पॅकअप झालं की तोंड धुऊन सगळं तिथंच ठेवून घरी जायचं. नाहीतर माणसाचा तोल जातो. मी पहिल्या नाटकात राजा झालो होतो. महिनाभर घरीही राजासारखाच वागायचो. शेवटी बायकोनं हातात पिशवी दिली. म्हणाली, महाराज, भाजी संपलीय.”

तुकाबाई पदर तोंडाला लावून हसली. मग म्हणाली, “घरी गेल्याव तुमाला हाक कोण मारतं?”

“बायको, मुलगी, आई. सगळ्याच एकदम मारतात.”

“मंग तुमाला ठिवून जाया जमतं. तराजूला दुसरं पारडं बी लागतं की.”

शेखररावांनी आपल्या ताटातला पापड तिच्या ताटात ठेवला.

शेवटच्या दिवशी जेवणाचा प्रसंग होता. ती भाकरी वाढते आणि नवरा म्हणतो, “तू बी बस की संगं.” धुळाजी वाईट माणूस नव्हता, पण हे वाक्य त्याला जन्मात सुचलं नाही. भराभर जेवायचा आणि शेळ्यांकडे निघायचा. ढगांमुळे उजेड बदलत होता, म्हणून तो प्रसंग पाच वेळा घ्यावा लागला. पाच वेळा त्यानं तिला बस म्हटलं, पाच वेळा ती बसली, आणि पाचही वेळा तिला सुख झालं. हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

निघताना गौतमी म्हणाली, “मावशी, बांगड्या असू द्या हं. एखादा शॉट पुन्हा घ्यावा लागेल. सिनेमा पूर्ण होईपर्यंत राहू द्या.”

गाड्या गेल्या. ‘मावशी, जेवलात का’ विचारणारी पोरंही गेली. वस्तीवर पुन्हा शेळ्यांच्या आवाजाखेरीज आवाज उरला नाही. पण आता त्यात बांगड्यांचा आवाज होता. धार काढताना, भाकरी थापताना घरात आणखी कुणी असल्यासारखं वाटायचं. बरं वाटायचं, आणि हे सरणार म्हणून भीतीही वाटायची. धोंडाबाई दर आठवड्याला विचारी, “अजून न्हाई झाला तुजा शिनेमा?” तुकाबाई सांगे, “न्हाई. पोरीचा फोन न्हाई आला.”

फाल्गुनात फोन आला. सिनेमा पूर्ण झाला होता. गौतमीनं रिक्षा पाठवली आणि लवळ्याच्या त्या थंडगार हॉलमध्ये तिला पहिल्या रांगेत बसवलं.

पडद्यावर ती शेळ्यांमागे चालली. नवरा हसला. मग ते जेवण आलं. “तू बी बस की संगं.” तुकाबाईचा हात आपोआप बांगड्यांवर गेला. आणि तिच्या ध्यानात आलं की पोरीनं सगळं सरळ लावलंय. आधी नांदणं, मग मरण. तिच्या लेखी तो जेवायला बसला होता आणि तिथंच सगळं संपलं होतं. इथं मात्र पुढं अजून होतं. पडद्यावर हैबतरावांचं अंगण आलं. एक माणूस मुंडासं आणि काठी घेऊन चालत येत होता.

तुकाबाई उठली. अंधारात चाचपडत दाराबाहेर गेली. दार लागलं तरी तिचाच हंबरडा आतून ऐकू आला, म्हणून ती तशीच पुढं चालत राहिली. कँटीनपाशी पोरांचा गलका होता, तिथं तो ऐकू येईना. तिथं ती हात पदराखाली धरून उभी राहिली.

दिवस मावळता रिक्षानं तिला वस्तीवर सोडलं. धोंडाबाई ओट्यावर वाटच पाहत बसली होती. शेजारी वाटीत खोबरेल तेल होतं.

“झाला न्हवं एकदाचा शिनेमा?” ती म्हणाली. आज तिच्या आवाजात दम नव्हता. “ये, बस. फोडायच्या न्हाईत ह्या टायमाला. तेल लावून अलगद काढू.”

तुकाबाई तिच्याजवळ बसली, पण हात काही पुढं केले नाहीत.

“न्हाई झाला, आक्का,” ती म्हणाली. “शेवट ऱ्हायलाय अजून.”