लाल गाडीचं पासिंग

माझे बाबा डेंटर. ठोकलेल्या गाड्यांचा पत्रा सरळ करणं हे त्यांचं काम, आणि ते त्यांनी उल्हासनगरमधल्या एकाच शेडमध्ये आयुष्यभर केलं. आम्ही राहायला अंबरनाथच्या बुवापाड्यात होतो. तिथल्या मराठी शाळेतून मी डिप्लोमाला गेले, डिप्लोमातून डिग्रीला, आणि घरातली पहिली इंजिनिअर झाले. मेकॅनिकलला मुलगी म्हटल्यावर लोक आधी बाबांकडे बघायचे, मग माझ्याकडे. बाबा म्हणायचे, मी ठोकतो, ती मोजेल. आज मी अंबरनाथच्याच एका कारखान्यात क्वालिटीचं काम बघते आणि बदलापूरला शिरगावात आमचा फ्लॅट आहे. हे कोणाच्या कष्टावर उभं राहिलं ते मला ठाऊक आहे. म्हणूनच लाल गाडीची हकिकत लिहून ठेवावीशी वाटली.

लाल गाडी माझ्या जन्माआधीची. अंबरनाथच्या एका कारखानदाराच्या मुलाला परदेशी स्पोर्ट्स कार हवी होती. तशी गाडी तेव्हा इथे आणणं जवळजवळ अशक्यच होतं. त्याने मासिकातला फोटो बाबांच्या हातात ठेवला. बाबांनी एका देशी कंपनीची दोन दारांची जुनी गाडी घेतली, तिची बॉडी उचलून बाजूला केली आणि उघड्या चासीवर फोटो बघत बघत नवी बॉडी ठोकून काढली. लांब नाक, दोनच सीट, वर टप नाही. इंजिन आणि चासी मात्र देशीच. त्या काळी आरटीओची परवानगी घेऊन असा बदल करता येत असे, आणि आरसी बुकात तशी नोंदही झाली होती. पुढे तो मुलगा परदेशी स्थायिक झाला, कारखाना बंद पडला, आणि म्हाताऱ्या मालकांनी गाडी बाबांच्या नावावर करून दिली. तूच केलीस, तूच सांभाळ, एवढंच ते म्हणाले.

बाबांनी सांभाळली ती शेडमध्ये, ताडपत्रीखाली. वाढत्या संसारात दोन सीटची गाडी कुठे फिरवायची? रजिस्ट्रेशनची मुदत केव्हाच संपून गेली.

मग शेडच्या मालकाने जागा बिल्डरला दिली आणि दिवाळीपर्यंत शेड रिकामी करायला सांगितली. काम थांबवायला बाबांची हरकत नव्हती, त्यांचे खांदे आता दुखायचे. प्रश्न गाडीचा होता. आमच्या सोसायटीत चालू कागद दाखवल्याशिवाय पार्किंग मिळत नाही. म्हणजे दिवाळीच्या आत रजिस्ट्रेशन पुन्हा चालू झालं तर गाडी शिरगावला येणार, नाहीतर भंगारवाला शेडमध्येच तिचे तुकडे करून नेणार. तो एकदा येऊन बघूनही गेला. नुसतं बघितलं नाही, बोटांनी टिचक्या मारून पत्रा किती जाड आहे ते ऐकलं त्याने. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत.

मी म्हटलं, बाबा, आपण पासिंग करून घेऊ. आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "एवढी वर्षं झोपवून ठेवली, आता म्हातारपणी शाळेत घालताय तिला."

मी नियम वाचायला घेतले. अशी गाडी आज घरच्या घरी नव्याने बनवून नोंदवणं आमच्यासारख्यांना शक्य नाही, हे लवकरच कळलं. पण आमची गाडी नवी नव्हती. बदलासकट तिची जुनी नोंद होती, आणि नोंद असलेल्या पेट्रोल गाडीचं नूतनीकरण होऊ शकत होतं. गाडी चालण्यालायक हवी, धूर मर्यादेत हवा, पर्यावरण कर भरलेला हवा, आणि नोंदीतले इंजिन व चासी नंबर गाडीवर जसेच्या तसे दिसायला हवेत. जुन्या बुकातली नोंद संगणकात चढवून घेण्यासाठी मी रजा टाकून आरटीओत खेपा घातल्या. खिडकीतल्या मॅडमनी सगळं समजावून सांगितलं, एकदा तर स्वतः उठून जुनं रजिस्टर शोधलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

इकडे शेडमध्ये बाबा आणि त्यांचा मित्र कामाला लागले. हा मित्र सिंधी, बाबा त्याला साई म्हणतात, म्हणून आम्हीही साईकाका म्हणतो. साईकाका बाजूच्याच गल्लीत धातूच्या नेमप्लेट आणि बिल्ले बनवतात. कुठलाही बिल्ला एकदा दाखवा, दुसऱ्या दिवशी जोडीला तसाच दुसरा हजर. बाबांनी गंज काढला, लांबी भरली, घासली, पुन्हा भरली, पुन्हा घासली, आणि मग लाल रंगाचे हात मारले. लांबी म्हणजे पत्र्याचे खळगे बुजवायचा मसाला. बाबांचा हात पत्र्यावरून फिरताना कुठे अडखळला की त्यांना झोप लागत नाही.

पहिली लढाई धुराची. गाडी टोचन करून, म्हणजे दोरीने दुसऱ्या गाडीच्या मागे बांधून, पीयूसीवाल्याकडे नेली. इंजिन चालू करताच त्याने रुमाल नाकाला लावला आणि विचारलं, "काका, चेक करायला आलात की मच्छर मारायला?"

कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल जास्त जात होतं. मी स्क्रू फिरवून मिश्रण पातळ केलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, पुन्हा नापास. मला काही कळेना. घरी परत तपासलं तर स्क्रू मूळ जागी. मग उलगडा झाला. मी पाठ फिरवली की बाबा तो हळूच मागे फिरवत होते, कारण पातळ मिश्रणावर गाडीचा आवाज त्यांना आजारी वाटायचा.

"पोरी, ही स्पोर्ट्स कार आहे," ते म्हणाले. "ती शिवणयंत्रासारखी वाजली तर लोक काय म्हणतील?"

"बाबा, भंगारात ती अजिबात वाजणार नाही," मी म्हटलं.

त्यांनी खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढून माझ्या हातात दिला. तिसऱ्या वेळी गाडी शिवणयंत्रासारखी वाजली आणि पास झाली.

पासिंगच्या दिवशी साईकाकाही बरोबर आले. सकाळी ते गाडीपाशी काहीतरी करत होते, पण मी कागदांत गुंतले होते. आरटीओच्या मैदानात आमच्याभोवती गर्दी जमली. इन्स्पेक्टर चाळिशीतले, कमी बोलणारे. त्यांनी ब्रेक बघितले, दिवे बघितले, इंजिनचा नंबर जुळवला. मग बोनेटखाली वाकले ते बराच वेळ वर आले नाहीत.

तिथे पितळेची एक पाटी रिव्हेट मारून बसवलेली होती. तिच्यावर परदेशी कंपनीचं नाव, आणि खाली सुबक ठशात एक परदेशी चासी नंबर. अगदी खऱ्या गाडीला असते तशी.

"ही पाटी कोणी लावली?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

साईकाका छाती काढून पुढे झाले. "साहेब, मी बनवली. इंटरनेटवरचा फोटो बघून. ओरिजिनलपेक्षा चांगली आहे, हात लावून बघा ना."

कोणीतरी हसलं. इन्स्पेक्टर हसले नाहीत. गाडीवर दुसऱ्याच गाडीचा नंबर असणं ही साधी चूक नाही, चोरीच्या गाड्यांना असंच करतात, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मग बाबांकडे वळले. "तुमचा स्वतःचा नंबर कुठाय? चासीवर ठोकलेला?"

बाबांनी उजव्या बाजूच्या लोखंडावर बोट ठेवलं. तिथे काहीच नव्हतं. आरशासारखा गुळगुळीत लाल रंग.

मला क्षणात सगळं कळलं. नंबर ठोकलेली जागा खडबडीत असते. बाबांच्या हाताला ती लागली असणार, आणि त्यांनी तीही लांबीने बुजवून, घासून, रंगवून टाकली होती. इतकी वर्षं ज्या सवयीवर आमचं घर चाललं, त्याच सवयीने गाडीची ओळख पुसली होती. आणि शेजारी मित्राने प्रेमाने खोटी ओळख ठोकली होती. आता समोरून बघणाऱ्याला ही चोरीची गाडीच वाटणार.

"लांबीच्या आधी तिथे ग्राइंडर फिरवला होता का?" मी हळूच विचारलं. ग्राइंडर फिरला असेल तर नंबर लोखंडासकट गेला.

बाबा म्हणाले, "गंज असला की फिरवतोच. तिथे होता का, आठवत नाही."

इन्स्पेक्टर म्हणाले, नंबर दिसला नाही तर गाडी मला इथेच जमा करून घ्यावी लागेल. साईकाकांचा चेहरा उतरला. मी माझी मान वर ठेवून, शक्य तितक्या स्पष्ट शब्दांत सांगितलं, की नंबर रंगाखाली असू शकतो, आणि परवानगी असेल तर आम्ही तो त्यांच्यासमोरच उघडा करतो. त्यांनी जरा विचार केला. "मी इथेच उभा आहे. दुसऱ्या कुठे हात लावायचा नाही."

टोचनवाल्याच्या गाडीतून पातं आणि थिनर मिळालं. मी पुढे झाले, पण बाबांनी मला थांबवलं. त्यांनी स्वतः पातं हातात घेतलं. आधी लाल रंग निघाला, मग करडा प्रायमर, मग लांबीचा पिवळट थर भुग्यासारखा गळायला लागला. बाबांच्या कपाळावरचा घाम रंगावर पडत होता. लोखंड दिसलं. त्यांनी थिनरचा बोळा फिरवला आणि एक आकडा वर आला. मग दुसरा. मी बुकातून वाचत होते आणि ते पुसत होते, एकेक जुळत गेला. शेवटच्या आकड्यावर आमचा जीव अडकला. तिथे ग्राइंडरचा ओरखडा होता. इंग्रजी तीन की आठ, डोळ्यांना सांगता येईना.

इन्स्पेक्टर खाली बसले. त्यांनी पातळ कागद त्या जागेवर धरला आणि पेन्सिल आडवी करून हलक्या हाताने फिरवली. पासिंगला चासीचा असा छाप घेतातच, मी तो अनेकदा पाहिला होता, पण एवढा श्वास रोखून कधीच नाही. कागदावर काळं पसरत गेलं आणि त्यात पांढऱ्या रेषेने आकडा उमटला. आठ. पूर्ण, दोन्ही पोटांसकट.

त्यांनी कागद बुकाशेजारी धरून दोनदा वाचला. "जुळला," ते म्हणाले.

बाबा तिथेच जमिनीवर बसले. मी पाणी दिलं. इन्स्पेक्टरांनी ती पितळी पाटी आपल्यासमोर काढायला लावली, आणि मग पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात जरा गंमत आली. "काका, काम फार चांगलं आहे तुमचं. पुढच्या वेळी एवढं चांगलं करू नका."

साईकाकांनी पाटी खिशात घातली. परतताना म्हणाले, आता ही मी माझ्या तिजोरीला लावतो, चोराला वाटेल आत परदेशी माल आहे.

रजिस्ट्रेशन हातात आलं तेव्हा दिवाळी तोंडावर होती. शेडमधून निघताना बाबांनी टोचनवाल्याला बोलावलं नाही. त्यांनी किल्ली फिरवली आणि गाडी स्वतःच्या चाकांवर रस्त्यावर आली. मी मागून स्कूटीवर. आई त्या दिवशी अंबरनाथ पूर्वेला बाजारात होती. पिशवी घेऊन कडेला उभी असलेली ती आम्हाला लांबूनच दिसली. बाबांनी गाडी तिच्यापुढे थांबवली आणि आतून वाकून दार उघडलं.

ती इकडेतिकडे बघत, पदर आवरत बसली. पिशवी मांडीवर घेतली. "सगळे बघतायत," म्हणाली.

"बघू दे," बाबा म्हणाले. त्यांनी बदलापूरच्या दिशेला इंडिकेटर दिला.

"तिकडे नको," आई म्हणाली. "आधी बुवापाड्यातून न्या."

बाबांनी इंडिकेटर बदलला. बुवापाड्याच्या गल्लीत गाडी जेमतेम मावत होती, दोन्ही बाजूंना ओट्यांवर बायका उभ्या राहिल्या होत्या, आणि आई प्रत्येकीला नावाने हाक मारत होती. एका म्हातारीने विचारलं, कोणाची गं गाडी? आईने बाबांकडे न बघता, गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "आमच्या ह्यांनी केलीय. आणि पोरीने पास केलीय."