हिरव्या पानांना न भुलणाऱ्या मॅडम

डॉ. शालिनी मोहिते मॅडमची आणि माझी पहिली ओळख म्हणजे मी खाल्लेली बोलणी. आकुर्डीच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचं प्रात्यक्षिक होतं. नदीतून आणलेली जलपर्णी टेबलावर नीटनेटकी दिसावी म्हणून मी तिची मुळं छाटून टाकली होती. मॅडम म्हणाल्या, "झाडानं काय सोसलंय ते मुळांत असतं, आणि तेच तुम्ही कचऱ्यात टाकलंत." विद्यार्थ्यांनाही त्या अहो-जाहोच करतात, त्यामुळे बोलणी जरा जास्तच लागतात.

आज मी त्यांच्याच विभागात शिकवतो. मॅडमच्या साठीनिमित्त बाकीचे त्यांच्या संशोधनाबद्दल लिहितीलच. मला मात्र चाकणजवळच्या एका गावातली ती सकाळ सांगायची आहे, कारण मॅडम म्हणजे काय ते मला तिथे कळलं.

धातूला मुलामा देणाऱ्या प्लेटिंगच्या वर्कशॉपचं पाणी ओढ्यावाटे त्या गावच्या तळ्यात उतरत असे. त्यात क्रोमियम आणि निकेल. मॅडमनी तळ्यात दोरी बांधून जलपर्णी सोडली, काठाला पाणकणीस लावलं. ही झाडं धातू ओढून घेतात आणि बहुतेक मुळांतच डांबून ठेवतात, पानांपर्यंत फारसा जाऊ देत नाहीत. म्हणून तसल्या पाण्यातही ती हिरवीगार राहतात. मात्र ती कुजून धातू पुन्हा बाहेर पडण्याआधी उपसून बंद शेडमध्ये ठेवावी लागतात. हे काम गावातल्या बचत गटाकडे होतं. गटाच्या प्रमुख सुनंदाताई म्हणजे कामाला वाघ.

पण हिरवं दिसलं की कुजवायचं, ही शेतकऱ्याघरची रीत. मॅडमनी बजावलं होतं, तरी इतकं तजेलदार झाड विषारी असेल हे पटावं कसं? पाणी सुधारल्याबद्दल गावानं मॅडमचा सत्कार ठेवला. त्या सकाळी मांडवाशेजारी पोती रचलेली दिसली. बायकांनी हौसेनं जलपर्णीचं खत केलं होतं, पाहुण्यांना भेट द्यायला.

मॅडमचा चेहरा उतरला. सरपंच जवळ येऊन म्हणाले, "म्याडम, आज न्हाई. पावनं जाऊ द्या, मग बोला." प्रकल्पाला पैसा देणाऱ्या कंपनीचे साहेब गाडीतून उतरतच होते. खरं सांगतो, मॅडमनी गप्प बसावं असं मलाही वाटलं.

त्यांनी माइक घेतला. "पाणी सुधारलंय, पण त्यातला धातू नाहीसा झालेला नाही. तो या पोत्यांत आहे. हे खत कोणीही नेऊ नका."

सुनंदाताई उभ्या राहिल्या. "घरच्या मेथीला घातलंय म्या. सून पोटुशी हाय माजी, रोज तीच भाजी खाती."

सत्कार तिथेच राहिला. मॅडमनी त्या घरची मेथी तपासणीला पाठवली आणि सुनेला स्वतः डॉक्टरांकडे नेलं. अहवाल येईपर्यंत मॅडम रोज सुनंदाताईंच्या ओसरीवर जाऊन बसत. कोणी पाणीसुद्धा विचारत नसे. "लोक शिव्या देतायत, कशाला जाता?" असं मी म्हटलं, तर म्हणाल्या, "त्यांच्या जिवाला घोर मी लावलाय. मी घरी कशी बसू?"

अहवालात पानं ठीक निघाली, वाफ्याच्या मातीत मात्र क्रोमियम होतं. वाफा खणून काढला. पुढे सून सुखरूप बाळंत झाली. कंपनीनं प्रकल्पातून अंग काढून घेतलं. तळं आता आम्ही मॅडमचे विद्यार्थी सांभाळतो.

सुनंदाताई आजही मॅडमशी बोलत नाहीत. पण शेडची किल्ली त्यांनी मागून घेतली आहे. कोणी खतासाठी जलपर्णी न्यायला आलं की सांगतात, "न्हाई मिळायची. आमी काय भोगलं, ते आदी इचार." मॅडमना हे कळलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला.

या दोघींचा अबोला सुटेल एवढं निरोगी आयुष्य मॅडमना लाभो. सुनंदाताईंचा स्वभाव पाहता, मॅडम शंभरी सहज गाठतील.