डोलीचे सोळा दिवस

एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला मी आरोग्याचं अर्थशास्त्र का घेतलं, हे मला तेव्हाही सांगता येत नसे. विषय इतका नवा की शिकवणारे सर आमच्यापेक्षा जेमतेम एक धडा पुढे असत. मुंबईत, वर्गात बसून सगळं पटायचं. आजारपणाचे खर्च दोन: औषधपाण्याचा प्रत्यक्ष, आणि कामाचे दिवस बुडतात तो अप्रत्यक्ष. प्रबंधासाठी एक वस्ती निवडायची होती. मी महाडची, म्हणून शहाणपणा करून आपलाच मुलूख निवडला. पोलादपूरपर्यंत एसटी आणि पुढे दोन तासांचा चढ.

डोंगरावर गुरं पाळणाऱ्यांची पंधरा-वीस घरं. पहिल्याच घरातल्या आजीला आदल्या वर्षी पोटदुखीसाठी पोलादपूरच्या दवाखान्यात नेलं होतं. बांबूला घोंगडी बांधून डोली केलेली, घरटी एक असे आठ गडी, चार-चार आळीपाळीने खांदा देणारे. तिथली रीतच ती.

"आठ जणांचा दिवस बुडाला म्हणायचा," मी म्हटलं.

"बुडतोय कशाला? मला न्यायला गेला."

"मजुरी किती दिलीत?"

"डोलीची मजुरी कोन घेतो गो? उद्या त्यांच्या घरचं कोन पडलं तर आमचा गडी जाईल."

माझ्या पाहणीच्या फॉर्ममध्ये अशा बिनमजुरीच्या दिवसांना जागा नव्हती. मी सरांना पत्र टाकलं. त्यांचं उत्तर आलं, सगळ्यांचे दिवस धरा. पुढच्या खेपेला मी आजीसमोरच बसून मोठ्याने बेरीज केली. न्यायला आठ, आणायला आठ. "सोळा दिवस झाले, आजी!" एक रकाना भरला याचाच मला केवढा आनंद! आजी उठून गुरांना पाणी दाखवायला गेली. तिला आकडेमोड कळली नसावी, असं मी धरून चालले.

हिवाळ्यात पुन्हा गेले तेव्हा अंगणात डोली तयार होती, आठ माणसं उभी होती आणि आजी खांबाला मिठी मारून बसली होती. पोट पुन्हा दुखत होतं, चेहरा पांढरा पडला होता, आणि ती जायला तयार नव्हती.

"तुमी गेल्यापासून एकच धोशा हाय," सून मला म्हणाली. "सोला दिस खाल्ले मी लोकांचे. आता परत नाय."

मी आजीपाशी बसले. "आजी, ते नुसतं पुस्तकासाठी होतं हो. तसं काही नसतं."

"मंग खोटं लिवलंस?"

खोटं नव्हतं. खरं होतं असंही मला म्हणवेना.

शेवटी मुलाने तिला उचलून डोलीत ठेवलं. उतारावर प्रत्येक वळणाला ती कण्हत म्हणे, "ठेवा रे खाली, दमलात. मी चालते." तिला उभंही राहता येत नव्हतं. गडी कानकोंडे होऊन एकमेकांकडे बघत.

सून माझ्याबरोबर मागून चालत होती. "अशी नाय वो ती," ती म्हणाली. "मागल्या टायमाला सारी वाट शिव्या देत आली. नीट चाला रे मुडद्यांनो, म्हनायची."

एक तरी शिवी द्या आजी, असं मी मनातल्या मनात विनवत होते. दवाखाना आला तरी तिने एकही दिली नाही.